कॉफीचं मशिन नंतर घ्या, आधी चव तर घ्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही स्पेशॅलिटी कॉफीवर अख्खं पान छापलं, वाचून बरं वाटलं, केळीचे भाव, कापूस, सोनं आणि पाणीटंचाई यातून आपल्याकडच्या पेपरात कॉफीला जागा मिळाली हेच विशेष. पण त्या पानावर फोटो बघा, सगळे मशिनचे. चकचकीत एस्प्रेसो मशिन, पन्नास हजाराचं, लाखाचं, आणि मजकुरातही अर्धाअधिक भाग कुठलं मशिन घ्यावं यावरच. मग झालं काय, सोमवारी सकाळपासून ओळखीच्या लोकांचे मला फोन, "तू ते कॉफीचं काहीतरी करत असतो ना, मशिन कोणतं घेऊ सांग." अरे भाऊ, तुला कॉफी कोणती आवडते ते तर ठरव आधी! म्हणून हे पत्र लिहायला बसलो. लांबलंय, जमेल तेवढं छापा.

माझं म्हणणं एवढंच आहे की कॉफीची सुरुवात खरेदीपासून नाही, चाखण्यापासून करायची, आणि चाखायला घरात आहे तेवढं सामान पुरतं. आता खानदेशातल्या माणसाला चवीचं काय शिकवायचं? भरताचं वांगं बामणोदचं की आसोद्याचं की कुठून तिसरीकडून आलंय हे आपल्याकडची आजी एका घासात सांगते, काड्यांवर भाजलं की गॅसवर हेही सांगते. तीच जीभ कॉफीला लावायची. वांगी आपण लहानपणापासून ताटात शेजारी शेजारी खात आलो, कॉफीची मात्र आपल्याला एकच चव माहीत, इन्स्टंट पावडर, भरपूर दूध साखर आणि वरून जायफळ. (जायफळाला नावं ठेवत नाहीये हां, लग्नातली ती कॉफी मी आजही दोनदा घेतो.) पण एकच चव माहीत असली की आवडनिवड कशी करणार, तुलना कशाशी करणार.

स्पेशॅलिटी म्हणजे महागडी किंवा इंग्रजी नावाची कॉफी असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. कॉफीला १०० पैकी मार्क द्यायची एक पद्धत जगभर चालत आलीय, शिकलेले चाखणारे वास, चव, आंबटपणा, गोडवा, तोंडात मागे काय राहतं असं सगळं बघून मार्क देतात, कच्च्या बियांमधले किडके फुटके काळे दाणे मोजतात, आणि ८० किंवा त्याहून जास्त मिळाले की ती स्पेशॅलिटी. म्हणजे हा शिक्का चाखूनच मिळतो, आणि आपण मात्र न चाखता, पुडक्यावरचं चित्र बघून घेतो.

ते चाखतात कसं तर त्याला कपिंग म्हणतात, आणि हे इतकं सोपंय की मला नेहमी नवल वाटतं लोक हे सोडून मशिनकडे का पळतात. आम्ही चार-पाच घरं मिळून अधूनमधून गच्चीवर करतो, प्रत्येकाने वेगळी कॉफी आणायची म्हणजे कोणाच्याच खिशाला जड नाही. काचेच्या सारख्या मापाच्या वाट्या घ्यायच्या. प्रत्येकीत जाडसर दळलेली कॉफी ११ ग्रॅम, आणि वर २०० मिली पाणी, म्हणजे साधारण एकास अठरा. वजन मात्र अंदाजे नको, काटा लागतोच, ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा पाचशेच्या आसपास मिळतो आणि जळगावात काट्याचं महत्त्व मी काय सांगू, सराफ बाजार आहे आपल्याकडे. पाणी टाकायच्या आधी कोरड्या पावडरचा वास घ्यायचा, सगळ्यांनी, सगळ्या वाट्यांचा. मग पाणी उकळून गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं आणि वाटी काठोकाठ भरायची. हलवायचं नाही. वर पावडरचा एक थर येतो, फुगतो. चार मिनिटं झाली की चमचा पाठमोरा धरून तो थर हळूच मागे सारायचा, दोन-तीनदाच, आणि त्याच वेळी नाक वाटीच्या अगदी जवळ न्यायचं. त्या क्षणी जो वास बाहेर पडतो ना तसा कुठल्याच कॅफेत मिळत नाही, कारण तिथं कप येईपर्यंत तो उडून गेलेला असतो. मग दोन चमच्यांनी वरचा फेस काढून टाकायचा आणि थांबायचं, पाणी ओतल्यापासून दहा-बारा मिनिटं तरी, नाहीतर जीभ भाजते आणि पुढे काहीच कळत नाही.

मग चमचाभर घेऊन जोरात फुर्रर करून ओढायचं. लाजायचं नाही, चहा बशीतून ओढणाऱ्यांची पोरं आहोत आपण. आवाज जितका मोठा तितकी हवा जास्त मिसळते आणि चव टाळूपर्यंत, नाकापर्यंत जाते. एका वाटीतून दुसरीत जाताना चमचा साध्या पाण्यात बुडवायचा. आणि मुख्य म्हणजे गार होऊ द्यायची, कोमट झाल्यावर परत चाखायची, पार थंड झाल्यावर अजून एकदा. गरम असताना सगळ्या सारख्याच वाटतात. गार व्हायला लागल्या की खरं खोटं बाहेर पडतं, चांगलीतला गोडवा वर येतो आणि वाईट कॉफी लाकडासारखी, राखेसारखी लागायला लागते.

माझे सासरे अमळनेरचे, आयुष्यभर चहाचे माणूस, त्यांना एकदा बसवलं. पहिला चमचा घेतला आणि म्हणाले, "जवाईबुवा, हाई काय शे? काढा शे का?" सगळे हसले. पण म्हाताऱ्याने वाट्या सोडल्या नाहीत, गप्पा चालू असताना आपलं एकेक चमचा घेणं चालूच, आणि गार झाल्यावर तिसऱ्या वाटीवर बोट ठेवून म्हणाले, "यामा ते पिकेल केळाना वास येस." वाटीच्या बुडाला नंबर चिकटवलेले होते, उलटून बघितलं तर ती नॅचरल प्रोसेसची निघाली. नॅचरल म्हणजे कॉफीचं लाल फळ गरासकट उन्हात वाळवतात आणि मग बी काढतात, त्यामुळे पिकल्या फळाचा, कधी फणसाचा कधी मनुकांचा वास बीमध्ये उतरतो. वॉश्ड म्हणजे साल गर आधीच काढून, धुऊन वाळवलेली, ती स्वच्छ आणि जरा आंबूस लागते. ज्यांनी हे शब्द आयुष्यात ऐकले नव्हते त्यांनी नुसत्या जिभेने दोन्ही वेगळ्या काढल्या. लाखाच्या मशिनने हे शिकवलं असतं का?

अजून एक खेळ सांगतो, पोरांनाही मजा येते. तीन वाट्या, दोनात एकच कॉफी आणि तिसरीत वेगळी, आणि वेगळी कोणती ते ओळखायचं. याच्या जागतिक स्पर्धा होतात असं मी सांगतो तेव्हा लोकांना खोटं वाटतं, पण होतात. सोपं वाटतं, करून बघा.

आता दुकानांबद्दल, कारण खरी तक्रार तिथं आहे. कॉफीचं पुडकं हातात घेतलं की आधी मागची बाजू वाचा. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते, फक्त किती टक्के ते छापावं लागतं, आणि ते छापलेलं असतं, पण आपण बघत नाही. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, त्याने रंग गडद होतो, दाटपणा येतो, दुधात ती काही वाईट लागत नाही, दक्षिणेत लोक आवडीने पितात. पण निम्मं मूळ असलेलं पुडकं घेऊन "मला कॉफीतलं काही कळत नाही ब्वा" म्हणायचं, त्यात तुमच्या जिभेचा काय दोष?

दुसरं म्हणजे भाजल्याची तारीख. पॅकिंगची तारीख असते, बेस्ट बिफोर असतं, भाजली कधी ते नसतं. कॉफी भाजल्यावर त्यातून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, त्यामुळे अगदी पहिल्या दिवशीची कॉफीही नीट उतरत नाही, आठवडाभर थांबली की खुलते, आणि महिना-दीड महिन्यानंतर हळूहळू उतरणीला लागते. दळलेली असेल तर अजूनच लवकर, काही दिवसांतच वास गेला समजा. त्यात आपला मे महिना. पत्र्याच्या शेडच्या गोडाऊनमध्ये चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत पडलेलं पुडकं विकत घेऊन त्यातून कसली फुलांची चव शोधता. आपल्या शहरातल्या एका कॅफेत, नाव लिहीत नाही, मेनूवर सिंगल ओरिजिन (म्हणजे एकाच ठिकाणची, मिसळलेली नाही) लिहिलंय आणि कप दोनशेच्या घरात. मी विचारलं कुठल्या इस्टेटची, कधी भाजलेली. पोरगा आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, "सर, इम्पोर्टेड आहे." आता यावर काय बोलणार! पोराची चूक नाही, त्याला कोणी चाखायलाच दिलं नसेल, नुसतं मशिनचं बटण दाखवलं असेल.

आणि इम्पोर्टेडचं कौतुक तरी कशाला. कॉफी आपल्या देशात बाबा बुदन यांनी आणली असं सांगतात, साधारण १६७० च्या सुमारास, हजहून येताना येमेनच्या मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, त्या डोंगराला आजही त्यांचंच नाव आहे. आज देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी एकट्या कर्नाटकात होते, कोडगू (म्हणजेच कूर्ग), चिकमगळूर, हासन, झाडांच्या सावलीत, मिरीच्या वेलांसोबत. मग आपल्यापर्यंत चांगली का नाही आली? एक कारण मला असं वाटतं की १९४२ च्या कॉफी कायद्यानंतर बागायतदाराला आपली कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये, म्हणजे सामाईक साठ्यात, द्यावी लागायची, सगळ्यांचा माल एकत्र, हे थेट नव्वदच्या दशकापर्यंत चाललं. कुठल्या बागेची कॉफी चांगली हे गिऱ्हाइकाला कळायचा मार्गच नव्हता, आणि आजही देशातली निम्म्याहून कितीतरी जास्त कॉफी बाहेर जाते. आता कुठे बागेच्या नावाने, जातीच्या नावाने पुडकी मिळायला लागलीत. आपल्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तसं कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी, वायनाड रोबस्टा (अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती) आणि अराकू यांच्या कॉफीला २०१९ मध्ये मिळालं. आंध्रातल्या अराकूची तर आदिवासी शेतकऱ्यांची छोट्या छोट्या तुकड्यांवरची कॉफी आहे. ही नावं पाठ करा, एस्प्रेसो मशिनच्या कंपन्यांची नंतर.

पैशाचा हिशोब करू. अशी चांगली कॉफी २५० ग्रॅमला पाचशेच्या पुढे जाते, महाग वाटते, मलाही वाटते. पण एका कपाला १५ ग्रॅम धरली तर सोळा कप, म्हणजे कपाला तीस-पस्तीस रुपये. कॅफेत त्यात पाण्याची बाटली येते.

करायची कशी याचं लोक उगाच टेन्शन घेतात. घरात साउथ इंडियन फिल्टर असेल तर तोच काढा, वरच्या भांड्यात पावडर, चकती हलकेच दाबून वर उकळतं पाणी आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जायचं, खाली डिकॉक्शन तयार. फ्रेंच प्रेस (दांडीला जाळी लावलेलं भांडं) तर अजून सोपा आणि तोही नसला तर स्टीलच्या पातेल्यात जाडसर कॉफी, पाणी, झाकण, चार मिनिटं, आणि गाळून घ्या, झाला तुमचा फ्रेंच प्रेस. कागदी फिल्टरवरची हाताने ओतायची कॉफी, ते व्ही सिक्स्टी वगैरे, ती मात्र सवयीने जमते. १५ ग्रॅमला २४०-२५० मिली पाणी, आधी थोडंसं, पावडरच्या दुप्पट-तिप्पट ओतून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं म्हणजे आतला गॅस निघून जातो, ताजी असेल तर भाकरीसारखी टम्म फुगते, शिळी असेल तर नुसती भिजून बसते, दुकानदाराला तारीख विचारायची गरजच नाही. मग बाकीचं पाणी गोल गोल ओतून तीनेक मिनिटांत संपवायचं. फार लवकर खाली गेलं आणि आंबट, पांचट लागलं तर पुढच्या वेळी बारीक दळा. कडू आणि जिभेला कोरडं लागलं तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सगळं एकदम बदललं की काही कळत नाही.

दळायचं म्हटलं तर मिक्सरमध्ये अर्धी पावडर आणि अर्धे खडे होतात, बारीक पावडर कडू होते आणि खडे आंबट राहतात, दोन्ही एकाच कपात. पैसे खर्चायचेच असतील तर मशिनवर नाही, हाताने फिरवायच्या चांगल्या ग्राइंडरवर खर्चा, दोन-अडीच हजारापासून कामाचा मिळतो. तोवर मिक्सर थांबून थांबून फिरवा, आणि मैद्याच्या चाळणीने बारीक पीठ काढून टाका. बायको ओरडेल चाळणीला वास लागला म्हणून, वेगळी चाळणी घ्या.

आणि पाणी! हे कोणीच लिहीत नाही, तुमच्या पानातही नव्हतं. कपात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं की. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, किटलीच्या बुडाला पांढरा थर बसतो तो बघा. त्या पाण्यातला क्षार कॉफीतला आंबटपणा मारून टाकतो आणि मग कितीही भारी कॉफी आणा, सपाट, खडूसारखी लागते. बरं नुसतं आरओचं घ्यावं तर ते टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) वीस-तीसवर आणून ठेवलेलं, त्यात कॉफी पातळ आणि बोचरी होते. १५० च्या आसपास टीडीएस चांगला मानतात. मी आरओच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळतो, प्रमाण प्रत्येकाच्या बोअरप्रमाणे बदलेल, सर्व्हिसिंगवाल्याकडे मीटर असतो त्याच्याकडून मोजून घ्या. एकच कॉफी दोन पाण्यात करून शेजारी शेजारी चाखा, आमच्या गच्चीवर सगळ्यात जास्त वाद यावरच झाला होता, अर्ध्या लोकांना वाटलं मी कॉफीच बदलली.

दुधाची पिऊ नये असं म्हणणारे शहाणे आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. दुधाला जरा जास्त भाजलेली घ्या किंवा रोबस्टा घ्या, हलकी भाजलेली दुधात हरवते. बस.

एक वेगळी गोष्ट पण लिहायलाच हवी. कॉफीची चर्चा वाढली की शेतात कॉफी लावा, एकरी इतके लाख, असे मेसेज पण फिरायला लागतात. कोणी रोपं घेऊन दारात आलं तर जरा थांबा. अरेबिकाला हजार मीटरच्या वरची उंची, सावली, थंडावा आणि आपल्या दुपटीहून जास्त पाऊस लागतो, आपल्या तापीकाठच्या मैदानात सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस आणि उन्हाळा कसा ते सांगायला नको. हां, विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे, महाराष्ट्रातली म्हणून ती एकदा तरी चाखलीच पाहिजे, आणि सातपुडा तोच आहे, आपलं तोरणमाळही साधारण तेवढ्याच उंचीवर. तिथं होईल का हे कृषी विद्यापीठाने, कॉफी बोर्डाने माती पाणी बघून सांगावं. रोपं विकणाऱ्याने नाही.

तर मागणी अशी. कॅफेवाल्यांनी मेनूवर बागेचं नाव आणि भाजल्याची तारीख लिहावी, आणि महिन्यातून एखादी दुपार, नाहीतरी दुपारी खुर्च्या रिकाम्याच असतात, चार वाट्या मांडून लोकांना चाखू द्यावं, नाममात्र पैसे घ्या हवं तर. किराणावाल्यांनी कॉफी थोडी थोडी मागवावी, वर्षाचा साठा नको. आणि कृषी प्रदर्शनात ट्रॅक्टर आणि ठिबकच्या स्टॉलमध्ये एक टेबल कॉफी बोर्डाला द्या, चिखलदरा, चिकमगळूर, अराकू शेजारी शेजारी ठेवून. वाट्या आम्ही आणतो.

आपला,
एक नियमित वाचक, जळगाव

ता.क. उन्हाळ्यात गरम कॉफी नको वाटते त्यांच्यासाठी, जाडसर दळलेली १०० ग्रॅम कॉफी एक लिटर गार पाण्यात टाकून झाकून फ्रिजमध्ये बारा ते सोळा तास ठेवा आणि स्वच्छ सुती कपड्यातून गाळा. कडूपणा कमी येतो, निम्मं पाणी नाहीतर बर्फ घालून प्या. बाहेर माठाजवळ ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात आंबून जाईल. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते.